झाडावरून पडलेले पोपट

वाईच्या आमच्या घरात, मागच्या पडवीत एक पिंजरा टांगलेला आहे आणि त्यात राघू आहे. आठवड्यातून एकदा तरी तो माझ्या आजीच्या आवाजात ओरडतो, "सूनबाई, दूध गेलं!" आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. आई अजून ओट्याकडे धावते. गॅस बंद, पातेलं फडताळात. मग पदराला हात पुसत ती पडवीत येते आणि पिंजऱ्याकडे बघून म्हणते, "सासूबाई गेल्या, धाक इथं टांगून गेल्या."

दिवाळीनंतर आई आमच्याकडे पुण्याला कायमची राहायला यायची आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत आणि बाबा गेल्यापासून एवढ्या घरात ती एकटीच. सामानाची वाटणी कधीच झाली होती: तांब्याचा बंब आत्याला, शिवणाचं मशीन माझ्याकडे. राघूचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. ते काढलं काकांनी, गणपतीत, पंगत उठल्यावर पडवीत सुपारी कातरताना.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं वन खात्यात काढली, त्यातली बरीचशी विदर्भात, आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले. आई या घरात आली तेव्हा ते कॉलेजात होते. तेव्हापासून या दोघांचं बोलणं म्हणजे टेबल टेनिस. त्या दुपारी मी मधे फारसं बोलले नाही. जिथं राहवलं नाही तिथं बोलले, ते पुढं येईलच.

"वहिनी, बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. पुण्याला जाता जाता तिथं देऊन टाकू."

"देऊन टाकू? रद्दी आहे का ती, भाऊजी?"

"शब्द चुकला. सुपूर्द करू."

"सरकारी शब्द घातला म्हणून रद्दीचं सोनं होत नाही. बावीस वर्षं आहे तो या घरात. तुमची दोन्ही मुलं मिळून इतकी वर्षं तुमच्याजवळ राहिली नाहीत."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "बरं. तो आला कसा या घरात?"

"तुम्हाला माहितेय. मळ्यातला आंबा वादळात पडला. त्याच्या ढोलीत सापडला."

"वहिनी, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला पोपट विकत घेतलेला एकही माणूस भेटला नाही. कलेक्टर कचेरीतला शिपाई असो की साखर कारखान्याचा संचालक, प्रत्येकाचा पोपट झाडावरून पडलेला. कधी कधी वाटायचं, महाराष्ट्रातल्या झाडांना पोपट धरवत नाहीत की काय."

आई हसू दाबायला गेली आणि ते फसलं. "दीडशे रुपये," ती म्हणाली. "कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर एक टोपलीवाला आला होता. सासूबाईंनी घेतला. तुम्ही वन खात्यातले, म्हणून आंब्याची गोष्ट त्यांनीच रचली. मला शपथ घातली होती."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"आपल्या मळ्यात आंबा कधी नव्हताच. चिंच होती."

आता हसायची पाळी माझी होती. पण आई हसली नाही. ती पुढं सरकली. वादात ती पुढं सरकली की समजावं, आता वर्मावर बोट येणार.

"कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत? नागपूरकडून सुट्टीवर यायचात, याच पिंजऱ्याखाली पाट मांडून शिरा खायचात. यात्रेतल्या ज्योतिषाचा पोपट जप्त करायचा आणि घरी आईच्या पोपटाला मिरची भरवायची. गरिबाचा पोपट गुन्हा आणि आपला पोपट लाड?"

काका बराच वेळ गप्प होते. "आईपुढं कोण बोलणार," ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नाही, हे कारण खरं नाही. एक पोपट, तोही घरचा, चांगला खाऊनपिऊन आहे, असं मीही मनाला सांगितलं. बाकी सगळे तेच सांगतात. ज्योतिषाचा पोपट घेताना त्या माणसाचा चेहरा अजून दिसतो. त्याचं पोट होतं त्यावर. तरी घेतला."

मला हे आवडलं. वादात आपली बाजू भक्कम करण्याऐवजी तिच्यातलं भगदाड दाखवणारा माणूस क्वचित भेटतो. पण भगदाड दाखवून काका थांबले नाहीत. त्यांनी टोपल्यांची गोष्ट सांगितली. ती याआधी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

विदर्भातल्या एका तपासणी नाक्यावर रात्री बस थांबवली. टपावर बांबूच्या टोपल्या, वर ओलं फडकं बांधलेलं. वाटलं, पानं असतील. फडकं काढलं तर आत पोपटांची पिल्लं, एकावर एक. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसं नाहीत, नुसती हिरवट टोकं फुटलेली. उजेड पडताच सगळ्यांनी एकदम चोची उघडल्या. "आवाज नव्हता हो," काका म्हणाले. "ओरडायचं बळ नव्हतं. नुसत्या उघड्या चोची. त्यांना वाटलं, आई आली." रेंज ऑफिसात डाळ भिजवून वाटली, सिरिंजनं भरवत बसले. सकाळी मोजली तेव्हा निम्मी राहिली होती. "तुमच्या घाटावर आलेली टोपली अशाच कुठल्या तरी टोपलीतून उरलेली होती, वहिनी. तुम्ही दीडशे रुपये एका पोपटाचे नाही दिलेत. वाटेत मेलेल्यांचे पण त्यात होते."

या धंद्याची रीत जुनी आहे. पोपट घरटं विणत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत, सुतार किंवा तांबट पक्ष्यानं कोरून सोडलेल्या भोकात अंडी घालतो. ढोली एकदा ठाऊक झाली की दरवर्षी तिथंच हात घालायचा. काही ठिकाणी हात आत जात नाही म्हणून फांदीच तोडतात. पिल्लं गेली ती गेलीच, पुढच्या वर्षीची जागाही गेली. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला वैशंपायन नावाचा पोपट स्वतःची हकिगत सांगतो, ती अशीच सुरू होते: शाल्मलीच्या झाडावर चढलेला म्हातारा शबर, ढोलीतून ओढून काढून माना मुरगळून खाली फेकलेले पोपट, आणि पाचोळ्यात पडल्यामुळं वाचलेला एक. सातव्या शतकातलं हे लिहिणं. फरक इतकाच की तो शबर पोटासाठी मारत होता. आपण हौसेखातर जिवंत घेतो.

"कायदा तरी काय म्हणतो?" मी विचारलं, कारण घरात एक निवृत्त अधिकारी आहे आणि त्याच्या डोक्यावर गुन्हा टांगलेला आहे, याची मला गंमतही वाटत होती आणि धास्तीही.

"१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपल्याकडचा कुठलाही रानपोपट पकडणं, विकणं, पाळणं, सगळं त्यात येतं. भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१च्या सुमाराला पूर्ण बंद झाला. पूर्वी हा साधा पोपट चौथ्या अनुसूचीत होता. कायदा २०२२मध्ये बदलला, एप्रिल २०२३पासून तो लागू झाला, तेव्हा हा दुसऱ्या अनुसूचीत गेला. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते."

"आणि समोरच्या बंगल्यातले ते निळे-पिवळे?" आईनं विचारलं. समोरच्या बंगल्यात मकाव आहेत, जोडी. त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे, वातानुकूलित. "त्यांना का नाही कैद?"

"ते परदेशी. दक्षिण अमेरिकेतले. त्यांची सरकारकडं नोंद करायची. २०२४च्या फेब्रुवारीत नियम आले, परिवेश पोर्टलवर अर्ज भरायचा. पिल्लू झालं, मेलं, दुसऱ्याला दिलं, तरी कळवायचं."

"म्हणजे आपल्या मातीतला पोपट ठेवला तर चोर, आणि सातासमुद्रापारचा ठेवला तर नोंदणीकृत! छान आहे. पिंजरा त्यालाही आणि पिंजरा यालाही. का हो, त्या मकावाला आकाश नको असतं?"

इथं आईनं काकांना खरोखर पेचात पकडलं, असं मला वाटतं. कायद्याचं काम जंगलातला पक्षी जंगलात ठेवणं आणि सीमेवरची चोरटी आयात रोखणं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला काय वाटतं, हा प्रश्न त्याच्या अनुसूचीत बसत नाही. २०१५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं. काकांनी त्याची आठवण करून दिली.

"कोर्टानं उडायचा हक्क दिला, पंख कोण देणार?" आई म्हणाली. "उघडू मी दार? आत्ता उघडते. समोरच्या आंब्यावर कावळे बसलेत. संध्याकाळपर्यंत पिसं गोळा करायला या."

"दार उघडणं म्हणजे सोडणं नव्हे, वहिनी. लोक तेच करतात. अमावस्येला पुण्य म्हणून पिंजरा उघडतात आणि पक्षी पहिल्याच झाडावर भेदरून बसतो. त्याला शिक्रा ठाऊक नाही, मांजर ठाऊक नाही, पाणी कुठं असतं ठाऊक नाही. सोडायचं तर आधी मोठ्या पक्षीघरात ठेवतात. इकडून तिकडं उडवून छातीचे स्नायू परत कमावतात. दुसऱ्या पोपटांत मिसळू देतात. माणसाला घाबरायला शिकवतात. मग सोडतात, आणि सोडल्यावरही काही दिवस तिथंच खाणं ठेवतात. याला महिने लागतात. आणि काहींना कधीच सोडता येत नाही."

"राघूला?"

"बावीस वर्षांत किती उडालाय तो?"

याचं उत्तर माझ्या मुलानं दिलं. तो बारा वर्षांचा आहे. मोठ्यांच्या वादात त्याला फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींत रस असतो. त्यानं कंपासपेटीतली फूटपट्टी आणली आणि पिंजऱ्याचा व्यास मोजला. ३८ सेंटिमीटर. मग मोबाइलवर शोधून म्हणाला, "या पोपटाचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ४२ ते ४८ सेंटिमीटर." पुढं तो काही बोलला नाही. वजाबाकी त्यानं आमच्यावर सोडली. आईनं त्या गोल टोपाच्या पिंजऱ्याकडे अशी नजर टाकली, जणू तो आजच घरात आला होता.

राघू मात्र रंगात आला होता. इतकी माणसं एकत्र बोलत असली की त्याच्या डोळ्यांतली बाहुली भराभर लहानमोठी होते, पिवळट कडं आकुंचन-प्रसरण पावत राहतं. एका पायात पेरूची फोड. पोपटाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात, म्हणून फोड अशी मुठीत धरता येते. तो बिया काढून खात होता आणि गर खाली टाकत होता. मधेच मान खाली घालून त्यानं डोकं सळ्यांना टेकवलं. आईनं न बघताच बोट आत घातलं आणि त्याच्या डोक्यावरच्या पिसांवरचा पापुद्रा नखानं हलकेच चुरला. नवं पीस पातळ वेष्टणात गुंडाळून उगवतं. अंगावरची वेष्टणं पक्षी चोचीनं काढतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. थव्यात ते काम जोडीदार करतो.

"हे बघा," काका म्हणाले. "हे काम दुसऱ्या पोपटाचं आहे."

"आणि मी ते बावीस वर्षं केलंय. कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं डोकं पुढं केलं, मी समजले. याला तुम्ही काय म्हणणार? गुन्हा?"

"प्रेम म्हणतो. प्रेम नाही असं मी कधी म्हणालो? पण त्यानं तुमच्यापुढं डोकं केलं, कारण दुसरं कुणी नव्हतं."

रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचणारी माझी आई यावर वेगळ्याच दिशेनं गेली. "सहाव्या अध्यायात माउलींनी नळीवरच्या पोपटाचा दाखला दिलाय. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भारानं नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो. त्याला वाटतं आपण अडकलो. म्हणून आणखी घट्ट धरतो. सोडलं तर उडेल, पण सोडत नाही. बांधलेलं काहीच नसतं. राघूला दोनदा दार उघडून बाहेर काढलंय मी, घरात सगळ्या खिडक्या लावून. तो चालत चालत परत पिंजऱ्यात जाऊन बसला. नळी त्यानं धरलीय, मी नाही."

मला इथं राहवलं नाही. त्या दाखल्याशी माझं भांडण नाही, तो जीवाच्या भ्रमाबद्दल आहे आणि तिथं चोख बसतो. पण तो पोपटाबद्दल वापरला की एक गोष्ट नजरेआड होते: ती नळी दोरीत ओवून कुणीतरी बांधलेली असते, आणि तो माणूस झुडपामागं बसलेला असतो. आपण सगळा दोष पोपटाच्या मुठीला देतो. मी हे बोलून दाखवल्यावर आई म्हणाली, "तू गप. तुझ्या शिक्षणाला मीच पैसे दिलेत." पण तिनं दाखला पुढं रेटला नाही.

मग काका, जरा मिश्कीलपणे, "वहिनी, आणखी एक. याला कंठ का नाही?"

नर पोपटाला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गळ्याभोवती काळी-गुलाबी पट्टी येते. राघूला ती कधीच आली नाही. मला वाटायचं, असतील काही पोपट बिनपट्टीचे.

"बाई आहे ती," काका म्हणाले. "तुमचा राघू बाई आहे."

"माहितेय मला," आई म्हणाली.

आम्ही सगळेच चमकलो.

"आठव्या का नवव्या वर्षी अंडं घातलं होतं. सकाळी चादर काढली तर तळाला, पेपरावर, पांढरं स्वच्छ. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांचा राघू म्हणजे राघू, त्यांना कोण सांगणार? मी काही बोलले नाही. अंडं काढून घेणार होते, पण तो जवळ जाऊ देईना. बसून राहिला. पेपर बदलू देईना, वाटी घेईना. बावीस-तेवीस दिवस बसला. मग एक दिवस आपण होऊनच उठला, अंडं चोचीनं एका बाजूला ढकललं आणि पेरू मागायला लागला. ते मी तुळशीत पुरलं. नंतर पुन्हा दोनदा घातली. मी तेवढे दिवस सासूबाईंना पडवीत येऊ द्यायची नाही. सांगायची, राघूची तब्येत बरी नाही."

एवढं सांगतानाही ती "तो" म्हणत होती. बावीस वर्षांचं व्याकरण एका दुपारीत बदलत नाही.

काकांनी यावर एकही मुद्दा काढला नाही. काढता आला असता.

विषय बदलला तो माझ्या मुलानं, आणि बदलला म्हणजे आणखी अडचणीत नेला. त्याला पुण्यात सन कन्युअर पोपट हवा आहे. पिवळाधमक, केशरी पोटाचा. दुकानदारानं सांगितलंय की पिल्लू हातानं भरवलेलं आहे, खांद्यावर बसतं, रानातून आणलेलं नाही. "म्हणजे कुणाच्या आईकडून चोरलेलं नाही," तो म्हणाला. मघाची टोपली त्याच्या मनात बसली होती.

"चोरलेलं नाही, पण काढून घेतलेलं आहेच," काका म्हणाले. "हातानं भरवायचं म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं असताना आईबापांपासून उचलायचं. तरच ते माणसाला आई समजतं. शेपटीपर्यंत रंग भरतो तोवर गोड असतं. वयात आलं की चावतं, आणि ओरडतं असं की खालच्या मजल्यावरचा माणूस वर येतो. मग लोक फोटो टाकतात, चांगल्या घरी द्यायचंय, पिंजऱ्यासकट. रानात तो पक्षी आता संकटात आहे, आणि इथं लोकांना तो नकोसा होतोय."

"मग तसला घेऊ. नको झालेला. विकत नाही, दत्तक."

या शब्दावर आई पटकन म्हणाली, "हां, हे बरं. दत्तक घ्यावा." आणि मग तिनंच, माझ्या अपेक्षेच्या पूर्ण विरुद्ध, शंका काढली. "पण भाऊजी, तुम्ही एखाद्याचा पोपट घेतलात की त्याचा पिंजरा रिकामा झाला. उद्या तो माणूस नवीन आणेल. पिंजरा रिकामा बघवत नाही माणसाला. मला सासूबाईंच्या माहेरचं माहितेय, एक पोपट मेला की महिन्याभरात दुसरा."

"खरंय. म्हणून चांगल्या ठिकाणी दत्तक देताना आधी घर बघतात, दिवसभर घरी कोण असतं विचारतात, आणि पोपट माणसापेक्षा जास्त जगला तर पुढं कोण, हेही विचारतात. राखाडी आफ्रिकन पोपट पन्नास वर्षं जगू शकतो. साठीतल्या माणसानं तो घेणं म्हणजे नातवाला न विचारता त्याच्यावर जबाबदारी लिहून ठेवणं. त्याच पोपटाच्या रानातून पकडून होणाऱ्या व्यापारावर २०१६मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानं बंदी घातली, इतके पकडले गेले होते."

"पण पाळणाऱ्यांनीच वाचवलाय ना एखादा?" मी विचारलं. ब्राझीलचा स्पिक्स मकाव माझ्या डोक्यात होता. निळा पक्षी, २०००च्या सुमाराला रानातून संपला. उरले ते फक्त लोकांच्या संग्रहात. त्यांच्यापासून वाढवून २०२२मध्ये काही पुन्हा बाहियातल्या रानात सोडले.

"वाचवला. आणि रानात संपवला कुणी? नद्यांच्या काठची झाडं तोडणाऱ्यांनी आणि त्याच संग्राहकांसाठी ढोल्या रिकाम्या करणाऱ्यांनी. आग लावून बादलीभर पाणी जपून ठेवलं, तर पाणी उपयोगी पडलं हे कबूल. पण बादलीचा सत्कार नको."

काकांचा हा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. सगळे संग्राहक एका माळेचे मणी नव्हते. पण दुकानातला कन्युअर घेताना "आपण प्रजाती वाचवतोय" असं म्हणणाऱ्याला तेवढंच उत्तर पुरेसं आहे. माझं मत विचाराल तर, आधीच घराघरांत अडकलेल्या परदेशी पक्ष्याला, नोंद करून, जागा असेल, वेळ असेल तर सांभाळावं. दुकानातून पहिला पक्षी घेऊ नये. मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे नाही." मी म्हटलं, "म्हणजे आधी वर्षभर शनिवारी केंद्रात मदतीला जायचं, मग बघू." केंद्रात इतक्या लहान मुलाला घेतात का, हे मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळच्या आरतीनंतर पुन्हा मूळ प्रश्न. राघूला पुण्याच्या फ्लॅटवर नेता येईल का? कायद्यानं नाही, हे झालंच. पण समजा कुणी बघितलं नाही, तरी? काकांनी माझ्या स्वयंपाकघराची चौकशी केली. नॉनस्टिक तवा आहे का? आहे. तो फार तापला तर जो वायू निघतो त्यानं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, माणसाला वासही येत नाही. बाल्कनीला कबुतरांची जाळी, दिवसभर घर बंद, आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, आईचे डोळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रांगेत. आई ऐकत होती आणि मधेमधे राघूच्या वाटीतली भिजवलेली हरभऱ्याची डाळ निवडत होती, वाईट दाणा नसतानाही.

"केंद्रात काय करतील?"

"डॉक्टर बघतील. पंख, वजन, चोच. नागपूरला सेमिनरी हिल्सवर असं केंद्र आहे, मी पाहिलंय. उडता येण्यासारखं असेल तर तयारी करतील. या वयात बहुधा नाही. मग पक्षीघरात, इतर पोपटांबरोबर. स्वतःहून आणून देणाऱ्याला सहसा कुणी कोठडीत घालत नाही. आणि मी बरोबर येईन. नाव माझं लिहू दे. वन खात्याची हेल्पलाइन आहे, १९२६, मीच फोन करतो."

"तुमचं नाव? निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी पोपट, असं?"

"असंच."

"इतर पोपट मारतील त्याला. हा कुणाशी कधी बोललेला नाही त्यांच्या भाषेत."

"सुरुवातीला वेगळा ठेवतात. शेजारी. जाळीतून बघू देतात."

"माझ्याशिवाय खाणार नाही."

"दोन दिवस खाणार नाही कदाचित. मग खाईल." काका थांबले. "वहिनी, त्याला त्रास होणार नाही असं मी सांगत नाहीये."

आई उठली. मला वाटलं, रागानं. ती आत गेली, कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडून आणलं, चष्मा लावला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसली. वाटाघाटीत हरल्यावर ती अटी लिहायला घेते. बाबांशीही ती असंच करायची. लिहून झाल्यावर पान तिनं काकांपुढं सरकवलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं.

सकाळी डाळ, रात्रभर भिजवलेली. पेरू बी काढून देऊ नये, बीच खातो. मिरची हिरवी, दिवसाला एक. त्याला तिखट लागत नाही. चहातलं बिस्कीट बंद केलं तरी चालेल, ती माझी सवय. ("बंदच करतील," काका म्हणाले.) डोक्यावरचे पापुद्रे नखानं काढावेत, ओढू नयेत, रक्त येतं. अंडं घातलं तर काढून घेऊ नये, आपण होऊन सोडतो. बुधवारी आंघोळ, परातीत पाणी.

पुढची ओळ काका आधी मनात वाचून गेले. मग मोठ्यानं वाचली. संध्याकाळी सहाच्या आत पिंजऱ्यावर चादर टाकावी, नाहीतर मेणवलीकडून थवा जातो तेव्हा फार ओरडतो.

पडवीत कुणी काही बोललं नाही. सहा वाजून गेले होते. आरतीच्या गडबडीत त्या दिवशी चादर टाकायची राहिली होती, पण थवाही पावसामुळं आला नव्हता.

शेवटची ओळ आईनं खाली, वेगळी, अधोरेखित करून लिहिली होती: दूध गेलं म्हणाला तर लक्ष देऊ नये, त्याला काही म्हणायचं नसतं.